वर्गातल्या जोड्या: मुलांनी मुलांना वाचन आणि गणित शिकवण्याची रीत

३५ मिनिटांच्या तासिकेत ४० मुलांना एकेक करून उभे राहून वाचायला सांगितले आणि शिक्षकांनी मध्ये एक शब्दही उच्चारला नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५२ सेकंद येतात. उरलेली ३४ मिनिटे ते मूल दुसऱ्याचे वाचन ऐकत असते, किंवा ऐकत असल्यासारखे दिसत असते. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, ते मूल अडखळते म्हणून बहुतेक वेळा दोन ओळींतच खाली बसवले जाते. हीच ४० मुले २० जोड्यांत बसली, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने ऐकून चूक दाखवायची, मग अदलाबदल करायची असे ठरले, तर त्याच तासिकेत प्रत्येक मुलाला सात ते दहा मिनिटे मोठ्याने वाचायला मिळतात आणि तितकाच वेळ ते लक्षपूर्वक ऐकते. मुलांनी मुलांना शिकवण्याच्या पद्धतीचे बळ आधी या हिशेबात आहे. बाकीचे सर्व त्यानंतर येते.

मी मुंबईतील मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांना शिकवते. ही पद्धत मी पहिल्यांदा वापरली तेव्हा ती सपशेल फसली होती. पहिल्या क्रमांकाची मुलगी मी शेवटच्या क्रमांकाच्या मुलाशेजारी बसवली आणि त्याला गणितात मदत करायला सांगितले. महिन्याभरात त्या मुलाच्या वहीतील सर्व उदाहरणे बरोबर आली आणि चाचणीचा कागद मात्र जवळजवळ कोरा आला, कारण मुलगी उत्तर सांगत होती आणि मुलगा ते उतरवून घेत होता. चूक तिची नव्हती. मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मी तिला सांगितलेच नव्हते. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की कोणाला कोणाशेजारी बसवायचे यापेक्षा, समोरच्याचे चुकल्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत सोबत्याने काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे ठरवून देण्यात या पद्धतीचे सारे यश आहे.

पद्धत कोठून आली आणि कोठे फसते

थोरल्या मुलांनी धाकट्यांना अक्षरे गिरवून द्यावीत, ही रीत पंतोजींच्या शाळेत होतीच. १७९० च्या दशकात मद्रासमधील अनाथ मुलांच्या शाळेचे काम पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुलांना वाळूवर अक्षरे काढताना पाहिले, ती पद्धत आपल्या शाळेत आणली, आणि पुढे ती ‘मद्रास पद्धत’ या नावाने इंग्लंडमध्ये पसरली. तिच्यात एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले असत आणि मॉनिटर मुले त्यांच्याकडून पाठांतर घोटून घेत. कमी खर्चात जास्त मुले सांभाळणे हा तिचा मोठा हेतू होता, आणि तिथेच ती कोती पडली. शिक्षकाची जागा भरण्यासाठी मूल वापरले की पद्धत बिघडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही मुलांनी मुलांना शिकवण्याचा उल्लेख आहे, पण तो स्वेच्छेने, आनंदाने आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली करावयाचा उपक्रम म्हणून आहे. त्यामुळे शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेले म्हणून वर्ग जोड्यांवर सोडून देणे हे या पद्धतीत बसत नाही. अशा दिवशी जोड्यांची तासिका रद्द करणेच योग्य.

आजची बांधीव पद्धत १९८० च्या दशकापासून अमेरिकेत आकाराला आली. कॅन्सस सिटी येथील संशोधकांनी संपूर्ण वर्ग एकाच वेळी जोड्यांत शिकेल अशी रचना केली, आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डग्लस आणि लिन फुक्स यांनी वाचन व गणितासाठी मिनिटामिनिटांचा आराखडा बसवला. पुढे दिलेल्या कृतीचा सांगाडा बराचसा तिथला आहे. मराठी लिपी आणि मराठी संख्यानामे यांसाठी लागणारे फेरफार वर्गातून सुचलेले आहेत. कोहेन, कुलिक आणि कुलिक यांनी १९८२ मध्ये ६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शिकणाऱ्या मुलांबरोबर शिकवणाऱ्या मुलांचीही प्रगती झालेली आढळली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये २०१५ साली जाहीर झालेल्या दोन मोठ्या प्रयोगांत, एक वाचनाचा आणि एक गणिताचा, मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवूनही नेहमीच्या वर्गांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे जोडी लावली की शिकणे आपोआप होते, असे मानण्याला आधार नाही.

जोड्या कशा लावाव्यात

आधी प्रत्येक मुलाचे एक मिनिट वाचन ऐकावे. पाठ्यपुस्तकातील न शिकवलेला, साधारण शंभर-सव्वाशे शब्दांचा उतारा घ्यावा आणि मिनिटभरात बरोबर वाचलेले शब्द मोजावेत. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असे लक्ष्य ठेवले आहे, तेवढी खूण नजरेसमोर ठेवली तरी पुरे. उतारा मुळीच न वाचता येणाऱ्या मुलांसाठी, मुलांना काय वाचता येते हे घरोघरी तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीतील पायऱ्या सोयीच्या पडतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मुंबईच्या वस्त्यांतील बालवाड्यांपासून काम सुरू करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने रूढ केलेली ही तपासणी एका मुलामागे काही मिनिटांत होते.

मग वाचनाच्या क्रमाने यादी करावी आणि ती मध्यावर कापावी. ४० मुले असतील तर पहिल्या मुलाची जोडी एकविसाव्याशी, दुसऱ्याची बाविसाव्याशी, आणि शेवटी विसाव्याची चाळिसाव्याशी लागते. पहिला आणि चाळिसावा एकत्र येत नाहीत, हा या रीतीचा सर्वांत मोठा गुण आहे. फरक फार असला की पुढचे मूल कंटाळते आणि मागचे मूल संकोचते. फरक मुळीच नसला की दोघांनाही एकमेकांची चूक सापडत नाही. पट विषम असेल तर एक तिघांचा गट करावा. ही यादी शिक्षकांच्या टाचणवहीतच राहिली पाहिजे. ती फळ्यावर लिहिली किंवा वर्गात वाचून दाखवली, तर मुलांना आपला क्रमांक त्याच क्षणी कळतो आणि पुढचे सगळे अवघड होते.

गणितासाठी दुसरी, वेगळी यादी करावी. याचा त्रास थोडा आहे आणि लाभ फार. वाचनात अडखळणारा, पण घरच्या भाजीच्या गाडीवर रोज सुटे पैसे मोजणारा मुलगा गणितात वरच्या अर्ध्यात येतो, आणि सोमवारी ज्याने त्याच्या चुका दाखवल्या त्यालाच तो मंगळवारी प्रश्न विचारू लागतो. ‘हुशार’ आणि ‘कच्चा’ हे शिक्के पुसण्यासाठी याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

जोडी साधारण चार आठवडे टिकवावी आणि मग बदलावी. यादीने सुचवलेली प्रत्येक जोडी डोळे मिटून मान्य करू नये; ज्या दोघांचे आदल्या आठवड्यात भांडण झाले आहे, किंवा ज्यातील एक दुसऱ्याला सतत चिडवतो, त्यांना एक-दोन जागा वर-खाली सरकवावे. मात्र मुलगा-मुलगी, आडनाव, चाळ की झोपडपट्टी, घरची बोली मालवणी की आगरी की हिंदी, यावरून मुले शेजारी बसायला कुरकुर करत असतील, तर तिथे शिक्षकांनी जोडी बदलू नये. ती जोडी शांतपणे, सक्ती न दाखवता, पण ठामपणे टिकवावी.

भूमिकांची नावे काळजीपूर्वक निवडावीत. ‘छोटे शिक्षक’ आणि ‘विद्यार्थी’ ही नावे मी वापरत नाही. वाचनात ‘वाचक’ आणि ‘सोबती’, गणितात ‘सोडवणारा’ किंवा ‘सोडवणारी’ आणि ‘सोबती’, एवढे पुरते. आणि प्रत्येक तासिकेत दोघांनाही दोन्ही भूमिका मिळाल्याच पाहिजेत.

वाचनाची तासिका

दोघांच्या मध्ये एकच पुस्तक असावे आणि दोघांनी खांद्याला खांदा लावून एकाच दिशेला तोंड करून बसावे. आपल्याकडील दोघांच्या बाकांवर मुले अशीच बसतात, त्यामुळे वर्गाची मांडणी बदलावी लागत नाही. मुंबईतील अरुंद वर्गखोल्यांत ही मोठीच सोय आहे. उतारा जोडीत वाचनात मागे असलेल्या मुलाच्या पातळीचा घ्यावा. दर मिनिटाला दहा-पंधरा शब्द अडत असतील तर तो उतारा त्याच्यासाठी कठीण आहे, आणि अशा उताऱ्यावर केलेला सराव हा चुकांचाच सराव ठरतो.

पहिली पाच मिनिटे पुढे असलेले मूल वाचते आणि दुसरे बोट फिरवत ऐकते. नंतरची पाच मिनिटे तोच उतारा मागे असलेले मूल वाचते. आधी एकदा नीट ऐकलेला मजकूर वाचताना त्याची भीती अर्धी झालेली असते, म्हणून हा क्रम उलटा करू नये. मग दोन मिनिटे त्याने वाचलेले क्रमाने सांगायचे: आधी काय झाले, मग काय झाले. त्यानंतर दोघांनी पुढचा, नवा भाग परिच्छेद-परिच्छेदाने पाच-पाच मिनिटे वाचायचा आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी सोबत्याने दोन प्रश्न विचारायचे: हा परिच्छेद कोणाविषयी किंवा कशाविषयी आहे, आणि त्याच्याबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती. उत्तर दहा किंवा त्याहून कमी शब्दांत हवे. दहा शब्दांची ही अट सुरुवातीला मुलांना जाचक वाटते, पण तिच्यामुळेच ती मजकूर पुन्हा पाहतात, फापटपसारा टाकतात आणि कोणता शब्द ठेवायचा यावर आपसात चर्चा करतात. वेळ उरला तर पुढच्या पानावर काय होईल याचा अंदाज बांधून, वाचून, तो खरा ठरला का हे पाहावे.

चुकीविषयी आता सविस्तर सांगते. सोबत्याने चार गोष्टी पकडायच्या असतात: शब्द चुकीचा वाचला, शब्द गाळला, नसलेला शब्द घातला, किंवा वाचक एका शब्दाशी चार सेकंद थांबून राहिला. चार सेकंद मोजण्यासाठी मुलांना मनात ‘एक पेरू, दोन पेरू, तीन पेरू, चार पेरू’ म्हणायला शिकवावे, कारण मुलांना थांबणे सर्वांत अवघड जाते. पहिल्या तीन प्रकारांच्या चुकांसाठी सोबती म्हणतो, “थांब. हा शब्द पुन्हा पाहा,” आणि शब्दाखाली बोट ठेवतो. मग पुन्हा चार पेरू. वाचकाला जमले तर ठीक, नाही जमले तर, “हा शब्द ‘पावसाळ्यातल्या’ आहे. कोणता शब्द?” वाचक तो म्हणतो. “बरोबर. आता वाक्य पहिल्यापासून वाच.” चौथ्या प्रकारात चार सेकंद आधीच गेलेले असतात, म्हणून तिथे शब्द थेट सांगायचा आणि वाक्य पुन्हा वाचायला सांगायचे. वाक्य पुन्हा वाचण्याची पायरी मुले हमखास गाळतात. ती गाळू देऊ नये, कारण तुटलेला अर्थ तिथेच सांधला जातो. ही वाक्ये एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर ठळक लिहून प्रत्येक बाकावर ठेवावीत.

मराठी वाचनात काही चुका पुन्हा पुन्हा होतात आणि त्या सोबत्यांना आधी दाखवून ठेवल्या तर त्यांचा कान तयार होतो. पहिली चूक प्रत्ययांची. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात आणि शब्दाचे रूपही बदलतात. ‘घोडा’ ओळखणारे मूल ‘घोड्यावरून’ पाहिल्यावर पहिला भाग वाचते आणि उरलेला अंदाजाने ‘घोड्यावर’ असा पुरा करते. तेवढ्याने स्वार उतरण्याऐवजी चढतो. इथे सोबत्याने कागदाच्या पट्टीने शब्दाचा मागचा भाग झाकावा आणि हळूहळू उघडावा. दुसरी चूक जोडाक्षरांची आणि रफाराची. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहून एक समुद्र आणि दुसऱ्या डोंगरातल्या, हे एकदा चित्र काढून दाखवले की मुले विसरत नाहीत. तिसरी अडचण मात्र चूकच नसते. घरी ‘पानी’ आणि ‘आनि’ बोलणारे मूल ‘पाणी’ आणि ‘आणि’ हे शब्द पाहून तसेच उच्चारते, तेव्हा त्याने शब्द बरोबर ओळखलेला असतो; त्याची वाचनक्षमता आणि त्याची घरची बोली या वेगळ्या गोष्टी आहेत. अशा उच्चाराला थांबवायचे नाही, हे सोबत्यांना स्पष्ट सांगावे आणि शिक्षकांनी स्वतःही पाळावे. दर ओळीत त्याचे ‘न’ दुरुस्त होऊ लागले की आठवड्याभरात ते मूल तोंड उघडेनासे होते. ‘ण’चा उच्चार शिकवायचा असेल तर तो वेगळ्या वेळी, सर्व वर्गाबरोबर, गाण्यातून शिकवावा.

वर्गातील दोन-चार मुले अजून शब्दांच्या पायरीवर असतात. त्यांच्या जोडीत दोघांनी एका सुरात एकत्र वाचावे. मागच्या मुलाला धीर आला की त्याने बाकावर बोटाने टिचकी मारायची, सोबत्याने गप्प व्हायचे, आणि अडले की सोबत्याने शब्द सांगून पुन्हा सुरात सामील व्हायचे. ज्याला अक्षरेच ओळखता येत नाहीत, त्याला जोडीवर सोडू नये. ते शिक्षकांचे काम आहे. अनेक आठवडे मनापासून प्रयत्न करूनही अक्षरे उलटी-सुलटी होत राहिली किंवा संख्यांचा अर्थ लागेनासा दिसला, तर पालकांशी बोलून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते.

गणिताची तासिका

जोडीने गणित करताना नवीन घटक शिकवू नये. शिक्षकांनी शिकवून झालेला, पण हातात न बसलेला घटक घ्यावा. सोबत्याकडे उत्तरे असलीच पाहिजेत, नाहीतर दोघे मिळून चुकीच्या उत्तरावर एकमत करतात आणि ते पक्के होते. पुठ्ठ्याच्या एका बाजूला उदाहरणे आणि मागच्या बाजूला उत्तरे व प्रश्नांचा क्रम, असे कार्ड मी करते. उत्तर मोठ्याने सांगायला मनाई. फक्त प्रश्न विचारायचे.

५२ वजा २७ हे उदाहरण घ्या. कार्डावरील प्रश्न असे असतात: “एककाच्या घरात काय करायचे आहे? २ मधून ७ जातात का? नाही तर काय करशील? एक दशक सुटा केला तर एकक किती झाले? दशकाच्या घरात किती उरले? आता १२ मधून ७ गेले तर किती? ४ मधून २ गेले तर किती? २५ मध्ये २७ मिळवून पडताळा पाहा.” पहिल्या तीन-चार उदाहरणांना सोबती प्रत्येक प्रश्न विचारतो. नंतरच्या ओळीत सोडवणारा तेच टप्पे स्वतः मोठ्याने बोलत सोडवतो आणि सोबती फक्त ऐकतो. मग भूमिका बदलतात. शेवटची दहा मिनिटे दोघेही वेगवेगळा, मिसळ उदाहरणांचा कागद न बोलता सोडवतात आणि अदलाबदल करून तपासतात. आधार हळूहळू काढून घेण्याचा हा क्रम मोडला तर मूल सोबत्याच्या प्रश्नांवरच चालत राहते.

कार्डाच्या कोपऱ्यात ओळखीची चूकही लिहावी. याच उदाहरणाचे उत्तर ३५ आले, तर मुलाने ७ मधून २ वजा केले आहेत, म्हणजे वरखाली न पाहता मोठ्यातून लहान काढले आहे. इथे “चुकले” म्हणण्याऐवजी सोबत्याने दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून “यातून २७ मला दे” म्हणावे. गठ्ठा सोडल्याशिवाय देताच येत नाही, हे हाताला कळते. आईसक्रीमच्या काड्या आणि रबरबँड एवढेच साहित्य त्याला लागते.

संख्यानामे हा मराठी मुलांचा खास अवघड घाट आहे. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि साठ नंतर, पण लिहिताना सहा आधी येतो. त्यामुळे ऐकून लिहिताना ३६ लिहिणारी मुले तिसरी-चौथीतही भेटतात. त्यात ‘एकोणचाळीस’ ऐकताना चाळीस कानावर पडते आणि लिहायचे असतात ३९. एकोणनव्वद ८९, पण ९९ ला मात्र नव्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी सुटी वाचनपद्धती आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. मला विचाराल तर दोन्ही रूपे मुलांच्या कानांवर असावीत, कारण बाजारात आणि घरात त्रेसष्टच ऐकू येणार आहे. जोडीने करायचा खेळ सोपा आहे. सोबती कार्डावरील संख्या मोठ्याने वाचतो, लिहिणारा आधी दशकाचा भाग बोलून दाखवतो, “सष्ट, म्हणजे साठ,” आणि मगच ६३ लिहितो. रोज पाच मिनिटांत वीस संख्या होतात.

शाब्दिक उदाहरणांत ‘एकूण’ दिसले की बेरीज आणि ‘उरले’ दिसले की वजाबाकी, असे सूत्र सोबत्यांनी एकमेकांना शिकवू नये याकडे लक्ष ठेवावे. मुलांना ते फार आवडते आणि फार लवकर पसरते. “एका वडापावला १५ रुपये, तर ४ वडापावांचे एकूण किती” यात ‘एकूण’ आहे आणि बेरजेने १९ काढणारे मूल खरेच भेटते. त्याऐवजी सोबत्याने विचारावे: काय दिले आहे, काय काढायचे आहे, चित्र काढून दाखव, आणि तुझे उत्तर खरे वाटते का.

मुलांना तयार करणे आणि शिक्षकांची फेरी

पहिले चार ते सहा दिवस अभ्यास घ्यायचा नाही, फक्त रीत शिकवायची. शिक्षकांनी एका मुलाला बरोबर घेऊन सर्व वर्गापुढे करून दाखवावे. आधी मुद्दाम वाईट सोबती व्हावे: घाईने उत्तर सांगावे, खिडकीबाहेर बघावे, चुकल्यावर “एवढेही येत नाही?” म्हणावे, मग मुलांना काय खटकले ते विचारावे. नियम मुलांच्या तोंडूनच निघतात आणि म्हणून टिकतात. आवाजासाठी ‘हातभर आवाज’ शिकवावा, म्हणजे हात लांब केल्यावर जिथे पोहोचतो तिथपर्यंतच ऐकू जाणारा. रस्त्याच्या कडेच्या शाळेत किंवा लाकडी फळीने विभागलेल्या वर्गात याचे मोल लगेच कळते.

कॅन्सस सिटीच्या पद्धतीत पहिल्याच प्रयत्नात बरोबर आल्यास दोन गुण आणि दुरुस्तीनंतर बरोबर आल्यास एक गुण मिळतो, आणि जोड्यांचे गुण वर्गाच्या दोन संघांत जमा होतात. मी गुण ठेवते, पण आणखी एक भर घालते: सोबत्याने पट्टीवरची वाक्ये नीट वापरलेली दिसली की त्या जोडीला मी स्वतः दोन गुण देते. चुकल्यावर एक गुण मिळतो याचा अर्थ दुरुस्तीला किंमत आहे, हे मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तासिका चालू असताना शिक्षकांनी वह्या तपासायला बसू नये. हातात टाचणवही घेऊन प्रत्येक जोडीजवळ एक-दोन मिनिटे थांबावे आणि तीनच गोष्टी लिहाव्यात: चूक पकडली गेली का, पट्टीप्रमाणे बोलले गेले का, आणि काम खरोखर कोण करत होते. दोन दिवसांत सर्व जोड्या पाहून होतात. मोठा फरक या फेरीमुळे पडतो. ज्या आठवड्यात मी ती टाळली, त्या आठवड्यात उत्तरे सांगणे लगेच परत सुरू झाले.

वेळापत्रकात आठवड्याला वाचनाच्या तीन आणि गणिताच्या दोन तासिका ठेवाव्यात आणि आठ ते दहा आठवड्यांचा एक सलग टप्पा करावा. मुंबईत हा टप्पा नेमका कोठे बसवायचा याचा विचार जूनमध्येच करावा लागतो. पावसात लोकल बंद पडल्या की हजेरी कोसळते, आणि गणपतीच्या आठवडाभर आधीपासून निम्मा वर्ग कोकणात गावी गेलेला असतो. पहिला टप्पा जुलैच्या सुरुवातीला चालू करून गणपतीच्या सुट्टीत त्याला खंड पडेल हे गृहीत धरावे, आणि दुसरा टप्पा दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घ्यावा. माझा अनुभव असा की दुसऱ्या टप्प्यात काम जास्त नेटके होते. जोडीदार गैरहजर असलेल्या मुलांसाठी पर्यायी जोड्यांची यादी आधीच करून ठेवावी, म्हणजे सकाळच्या गडबडीत पाच मिनिटे वाया जात नाहीत.

पुढे असलेल्या मुलांचे पालक विचारतात की आमच्या मुलीचा वेळ दुसऱ्याला शिकवण्यात का जावा. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रागाने उत्तर देऊ नये. पालकसभेत दहा मिनिटे प्रत्यक्ष तासिका दाखवावी. तिची भूमिकाही बदलते, तीही वाचते, आणि ५२ वजा २७ चा गठ्ठा का सोडायचा हे दुसऱ्याला सांगताना तिला ते पहिल्यांदा शब्दांत मांडावे लागते. तरीही एखाद्या मुलाला हे काम मनापासून नको असेल, तर त्याला काही दिवस शिक्षकांच्या फेरीत नोंदी करायला बरोबर घ्यावे.

सातवीची ताई, दुसरीचा वाचक

वेगवेगळ्या इयत्तांच्या जोड्या मी सर्वांत शेवटी सुचवते, कारण त्या जुळवायला अवघड असतात. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत मोठी मुले एका सत्रात आणि धाकटी दुसऱ्या सत्रात येतात, आणि दोन्ही एकाच वेळी इमारतीत फक्त सत्र बदलण्याच्या गर्दीत सापडतात. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास मोकळा करून दिला, तरच हे सुरू करावे.

पण एका प्रकारच्या मुलांसाठी हा खटाटोप जरूर करावा. सातवीत असूनही तिसरीच्या पातळीवर वाचणाऱ्या मुलीला तिसरीचे पुस्तक वाचायला दिले तर ती ते दप्तरात लपवते. तिलाच दुसरीच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवायची आहे असे सांगितले, तर तेच पुस्तक हातात घेण्याला मानाचे कारण मिळते. सोमवारी आणि मंगळवारी तिने शिक्षकांबरोबर ती गोष्ट तयार करायची: कठीण शब्द काढायचे, कुठे थांबायचे ते पेन्सिलीने खुणावायचे, विचारायचे दोन प्रश्न लिहून ठेवायचे. बुधवारी ती वाचून दाखवते आणि गुरुवारी तोच मुलगा तिला ती गोष्ट वाचून दाखवतो, चार पेरू मोजत ती थांबते. एका गोष्टीचे तिचे असे सात-आठ वेळा वाचन होते, आणि सातवीच्या वर्गात कोणालाही त्यात काही वावगे दिसत नाही.

टप्पा संपला की पहिल्या दिवशीसारखेच एक मिनिट वाचन पुन्हा ऐकावे आणि गणिताची तीच मिसळ उदाहरणे नव्या आकड्यांनी द्यावीत. ज्या जोडीतील दोघेही पुढे सरकले नाहीत, तिच्या टाचणवहीतील नोंदी पुन्हा वाचाव्यात. बहुतेक वेळा उतारा कठीण होता किंवा कोणीतरी उत्तर सांगत होते, असे तिथेच लिहिलेले सापडते. त्या जोडीतील दोघांना पुढच्या टप्प्यात वेगळे सोबती द्यावेत, आणि पट्ट्या व कार्डे रबरबँड लावून दिवाळीनंतरसाठी कपाटात ठेवावीत.